काळ्या घोंगडीची कसोटी

दिवाळी जवळ आली की राजुऱ्यात आमच्याकडे एखादा तरी विद्यार्थी येतो आणि विचारतो, "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" आम्ही म्हणजे तिघेजण. एक मराठी शिकवणारा, एक इतिहास आणि एक भौतिकशास्त्र. तिघांपैकी छायाचित्रकार कोणीच नाही. तरीही हा प्रश्न आमच्याकडेच येतो, कारण २००८ साली आम्ही एक हाय-डेफिनिशन व्हिडिओ कॅमेरा निवडताना सपशेल चुकलो होतो, ही गोष्ट गावात सर्वश्रुत आहे. एकदा ठेच लागलेल्या माणसाला रस्ता विचारावा, असा इथल्या लोकांचा हिशेब असावा. तो अगदीच चुकीचा नाही.

वर्गात 'प्रतिमा' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो. कवितेतली प्रतिमा ताजी आहे की झिजलेली, ती अनुभवातून आली आहे की उसनी आणली आहे, याचा निवाडा कसा करावा हे विद्यार्थ्यांना सांगत आलो. दुकानातल्या पडद्यावरची प्रतिमा पाहताना मात्र यातले काहीही आम्हाला आठवले नाही, याचे आज नवल वाटते. तिथे आम्ही चक्क आकडे वाचून निकाल दिला. एखाद्या कवितासंग्रहाचे मोल पृष्ठसंख्येवरून ठरवावे, तसे.

आधी थोडे या मुलखाविषयी. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरहून राजुऱ्याला आले की भाषेचा पोत बदलतो. हा तालुका १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे इथल्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते, आणि माणिकगडच्या डोंगरावर, जिवतीकडे, गोंडी व कोलामी. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला गडचांदूरचे सिमेंटचे कारखाने, आणि वर डोंगरात दिवाळीच्या दिवसांत दंडारी. मोरपिसांचे भले मोठे मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले, कमरेला व पायांत घुंगरू बांधलेले घुसाडी नाचत एका गावातून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. ढोल वाजतो, गाणी होतात, थट्टामस्करी होते, आणि रात्र कलते तसा नाच चढत जातो.

या दंडारीचे चित्रण करावे, ही कल्पना इतिहासवाल्या सहकाऱ्याची. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई गावी राहून राजगोंडांचा अभ्यास केला. १९४८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने काढलेली छायाचित्रे आज लंडनच्या 'सोआस' या संस्थेत आहेत. त्यातल्या काहींच्या छायाप्रती आमच्याजवळ होत्या. त्या घेऊन आम्ही डोंगरावरच्या एका गावी गेलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ होते. एकेकाळी ते स्वतः घुसाडी होत. आता वयोमानामुळे ढोलाशेजारी बसून गाणे सांगत. त्यांचे नाव इथे देत नाही, आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. नाचणाऱ्यांचे चित्र त्यांनी डोळ्यांजवळ नेले. आम्हाला वाटले, ते मुकुट न्याहाळतील. त्यांनी पाहिले पायांकडे. मग विचारले, "हे कोन्या ठेक्यावर हाये?" चित्र ते कसे सांगणार? रंग नाही, आवाज नाही, हालचाल नाही. बाबांनी कागद परत दिला. आमचा संकल्प पक्का झाला तो त्या क्षणी. हालणारे पाय, वाजणारा ढोल आणि गाणारा चेहरा एकत्र टिपायचा, आणि तो इथल्या माणसांनी टिपायचा.

वर्गणी जमली. २००८च्या दसऱ्याच्या सुमारास बल्लारशाहून गाडी धरून आम्ही नागपूर गाठले. दुकानात दोन कॅमेरे पुढे आले. एक मोठा, खांद्याला जड, फितीवर 'एचडीव्ही' पद्धतीने मुद्रण करणारा. त्याचे चित्र १४४० गुणिले १०८० बिंदूंचे. दुसरा तळहातावर मावेल एवढा, आतच हार्ड डिस्क असलेला, 'एव्हीसीएचडी' पद्धतीचा. त्याचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे. दुकानदार म्हणाला, "हा पूर्ण एचडी, तो अर्धवट. शिवाय फितीचे दिवस संपले." भिंतीवर भला मोठा टीव्ही होता. त्यावर लहान कॅमेऱ्याने टिपलेले चित्र चालू होते. पाण्यात पडणारे लिंबू, लालभडक पोपट, फुलावरचा दवबिंदू. पोपटाचे पीस न् पीस मोजावे असे. आमच्यातल्या मराठीवाल्याने "वा!" म्हटले, आणि सौदा झाला.

त्या 'वा'ची चिकित्सा नंतर भौतिकशास्त्रवाल्याने केली. ती इथे देणे भाग आहे, कारण आजही बहुतेक माणसे याच 'वा'वर कॅमेरा विकत घेतात.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानातला प्रकाश. भर दुपारचे ऊन मोजले तर लाख लक्सच्या घरात जाते. झगमगीत दुकानात काही शे लक्स प्रकाश असतो. अमावस्येच्या रात्री शेकोटीपासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फार तर काही लक्स उरतात. लिंबू आणि पोपट ज्या प्रकाशात टिपले होते, त्या प्रकाशात कोणताही कॅमेरा शहाणाच वाटतो.

दुसरी गोष्ट टीव्हीची. विक्रीसाठी मांडलेल्या टीव्हीवर रंग व झगझगाट मुद्दाम वाढवलेला असतो. वस्तूंच्या कडांना यंत्रच बारीक पांढरी किनार देते, आणि त्या किनारीमुळे चित्र अधिक रेखीव भासते. हा तपशील वस्तूतला नव्हे, यंत्राने वरून काढलेला. लेखनातही असा प्रकार असतो. प्रत्येक नामाला दोन विशेषणे लावली की वाक्य ठसठशीत वाटते, पण त्यातून वस्तू अधिक दिसते असे नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. जुन्या पद्धतीच्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. पूर्ण एचडी चित्रात २०,७३,६००. बरोबर पाचपट. पण हे पाचपट बिंदू ठेवायचे कशात? जुनी 'डीव्ही' फीत सेकंदाला २५ मेगाबिट नोंदवत असे. एचडीव्हीलाही तेवढ्याच जागेत भागवावे लागे, आणि आमच्या लहान कॅमेऱ्याला त्याहून कमी, १७ मेगाबिटच्या आसपास. हे साधते ते एका युक्तीने. जुन्या जमाखर्चाच्या वहीत तीच नोंद पुन्हा आली की कारकून 'किता' लिहीत असे. कॅमेराही तेच करतो. एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या काही चित्रांत बदल तेवढा नोंदवायचा, बाकी किता. वृत्त सांगणाऱ्या निवेदकाच्या मागची भिंत हलत नाही, तिथे हे उत्तम चालते. पण मोरपिसांचा मुकुट नाचत असतो, शेकोटीची ज्योत क्षणाक्षणाला बदलते, आणि अंधारात यंत्राने स्वतःच निर्माण केलेले दाणे प्रत्येक चित्रात जागा बदलतात. तिथे 'किता' लिहायला जागाच नाही. शाई अपुरी पडते, आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

हे सारे ज्ञान आम्हाला त्या दिवाळीनंतर झाले. दिवाळीत मात्र आम्ही निर्धास्त होतो. दंडारी आली. सात-आठ घुसाडी, मागे ढोल आणि पिपाण्या, बायकापोरे, एका बाजूला शेकोटी, खांबाला एक गॅसबत्ती. बाबा बत्तीच्या पलीकडे बसले होते, त्यांच्या चेहऱ्याला उजेड होता तो शेकोटीचाच. सोबत एक हॅलोजन न्यावा, असे कोणी तरी सुचवले होते, पण ते आम्ही विचारपूर्वक टाळले. लग्नातला तो दिवा डोळ्यांवर आला की माणसे नाचणे सोडून कॅमेऱ्याकडे पाहतात. शिवाय दंडारीची रात्र ही तिचीच रात्र आहे, ती उजळवून आम्ही दुसरेच काही टिपले असते. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर चित्र झकास दिसत होते. आम्ही पंचवीस मिनिटे चित्रण केले आणि घरी आलो. इतिहासवाल्याकडच्या एकवीस इंची टीव्हीवर पाहिले, तेव्हाही विशेष काही खटकले नाही. चित्र जरा काळपट आहे एवढेच वाटले.

पुढल्या उन्हाळ्यात बाबा गेले. आजार थोड्या दिवसांचा होता, निरोप उशिरा पोचला. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा राजुऱ्याला आला आणि म्हणाला, "सर, ते दिवाळीतलं दाखवा ना एकदा. माय म्हणते." आम्ही प्रोजेक्टर आणि एक पांढरी चादर घेऊन गेलो. अंगणात चादर ताणली, सारे गाव जमले.

एकवीस इंची टीव्हीवर जे लपले होते ते सहा फुटी चादरीवर लपेना. याचेही एक साधे गणित आहे. निकोप डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिटाचा फरक कळतो, म्हणजे दहा फुटांवरून जेमतेम एक मिलिमीटर. एकवीस इंची टीव्हीची उंची पाहता त्या अंतरावरून साडेतीनशे-चारशे ओळींपलीकडचे डोळ्याला कळतच नाही. तिथे एचडी आणि साधे सारखेच. पण सहा फूट उंचीच्या पडद्यापुढे दहा फुटांवर बसलात तर डोळा दोन हजार ओळींचा हिशेब मागतो. चित्रात जे नाही ते तो लगेच पकडतो.

चादरीवर दिसले ते असे. गॅसबत्तीभोवती पांढरा डाग. घुसाडींच्या अंगावरची राख त्या डागात मिसळून सपाट चुन्यासारखी. राखेखालची त्वचा, तिचा घाम, स्नायूंची हालचाल, सारे नाहीसे. मुकुट म्हणजे हिरव्या-काळ्या चौकटींचा पट. आणि बत्तीपलीकडे, जिथे बाबा बसले होते तिथे, काळ्या-जांभळ्या दाण्यांचे वारूळ. त्यातून गाणे येत होते. आवाज अगदी स्वच्छ. शब्द न् शब्द.

बाबांची पत्नी पुढे चटईवर बसली होती. बराच वेळ ती पाहत राहिली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आवाज त्यायचा हाये जी. पन ते कुठी हायेत?"

आम्ही चादरीपाशी जाऊन बोटाने जागा दाखवली. इथे बसले होते. तिने मान हलवली, ती समजूत घालण्यासाठी असावी.

मग मुलगा घरात गेला आणि एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची. ती आम्ही राजुऱ्याला आणून संगणकावर उतरवली, आणि आठवड्याने पुन्हा चादर ताणली. व्हीएचएसची कॅसेट. तिच्या चित्रात आडवे तपशील दोनशे चाळीस ओळींइतकेच मावतात, त्यात ही कितीदा तरी फिरवून झिजलेली. लाल रंग कडेबाहेर सांडत होता, खालच्या बाजूला पट्टे धावत होते. त्यात एका ठिकाणी अकरा सेकंद बाबा होते. नवरदेवाच्या डोक्याला फेटा बांधताना कोणी तरी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली, तोंडात फेट्याचे टोक धरलेले, आणि कपाळावर आठ्या. ती अकरा सेकंद त्या माउलीने सहा वेळा पाहिली. सातव्या वेळी म्हणाली, "हे असेच पाहत जी. रागावले नाय, पन वाटे रागावले."

या प्रसंगातून एक सोपा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा आहे. यंत्र महत्त्वाचे नाही, माया महत्त्वाची, दोनशे चाळीस ओळींनी वीस लाख बिंदूंना हरवले, वगैरे. आमच्यातल्या मराठीवाल्याने तसे एक वाक्य त्याच रात्री उच्चारलेही. भौतिकशास्त्रवाल्याने ते तिथेच खोडून काढले. त्या लग्नात चित्रण करणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर झगझगीत दिवा होता. बाबांच्या चेहऱ्यावर प्रकाश होता, म्हणून चेहरा दिसला. यात मायेचा संबंध नाही. आमच्या चित्रात तो दिसला नाही, कारण अंधारात पाहू न शकणारे यंत्र आम्ही अंधारासाठी निवडले. चूक यंत्राची नव्हती, निवडीची होती. भावुकता ही कधी कधी जबाबदारी टाळण्याची रीत असते. समीक्षेतही हे आपण पाहतोच. लेखकाचा जिव्हाळा वाखाणला की त्याच्या वाक्यांची तपासणी करावी लागत नाही.

तेव्हा पुन्हा निवड करायची ठरली. या वेळी आम्हाला आधार वाटला तो दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ साली ते लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आल्यावर त्यांनी थेट 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्याचा उपयोग झाला हे खरे. पण आम्हाला त्यात दुसरेही काही दिसते. जाहिरातीत काय लिहिले आहे हे बाजूला ठेवून, आपल्या खिडकीत, आपल्या उजेडात, आपल्याला हवी ती गोष्ट या यंत्राला दिसते का, हे त्या माणसाने पाहून घेतले. हाती आलेल्या यंत्राला इतका साधा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

२००९च्या पावसाळ्यात आम्ही नागपूरला गेलो ते एक गाठोडे घेऊन. त्यात एक काळी घोंगडी, दंडारीतल्या जुन्या मुकुटाची सुटलेली पिसे, पुडीत राख, एक कंदील आणि छापील अक्षरांचा एक कागद. सोबत आमचा एक विद्यार्थी होता. डोंगरावरचा, स्वतः घुसाडी होणारा, वर्णाने काळाभोर. दुकान निराळे होते. तिथल्या मालकाने आधी आम्हाला वेडगळ ठरवले, नंतर त्यालाच गंमत वाटू लागली. त्याने मागच्या गोदामातले दिवे बंद केले. आम्ही घोंगडी टांगली, तिच्यापुढे विद्यार्थ्याला बसवले, हाताला राख लावली, पिसे हातात दिली आणि कंदील पेटवला.

सोने पारखायचा कसोटीचा दगड काळाच असतो. काळ्यावर रेघ ओढली की खरेखोटे कळते. चित्राचेही तसेच आहे, हे त्या गोदामात कळले.

पहिली परीक्षा काळ्याची. घोंगडीची वीण दिसते का? कॅमेऱ्याला अंधारात प्रकाश कमी पडला की तो मिळालेला संकेत वाढवतो. वाढीचे माप डेसिबलमध्ये असते. दर सहा डेसिबलला संकेत दुप्पट, म्हणजे अठरा डेसिबलला आठपट. पण प्रकाशाबरोबर गोंगाटही आठपट होतो. म्हणून आम्ही भिंगावर झाकण लावून, वाढ शेवटच्या टोकाला नेऊन, मिनिटभर नुसता अंधार टिपला. ज्या कॅमेऱ्याचा अंधार शांत, तो आपला. लहान कॅमेऱ्यात एकच सेन्सर असतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर रंगीत गाळणी असते, आणि ती बराचसा प्रकाश अडवते. मोठ्या कॅमेऱ्यात लोलक प्रकाशाचे तीन वाटे करतो आणि तीन स्वतंत्र, आकाराने मोठे सेन्सर ते झेलतात. हा फरक जाहिरातीतल्या १९२० आणि १४४०मध्ये कुठेच दिसत नाही.

दुसरी परीक्षा राखेची. राख पांढरी आहे, पण चुन्यासारखी नाही. तिच्यात करडे, निळसर असे कितीतरी पदर आहेत, आणि खालून त्वचा डोकावते. कंदिलाशेजारची राख आणि कोपऱ्यातली घोंगडी एकाच चित्रात जिवंत राहतात का? मर्ढेकरांनी लयतत्त्व सांगताना संवाद, विरोध आणि समतोल असे तीन शब्द वापरले. त्यांचा संदर्भ वेगळा होता, पण त्या गोदामात ते तिन्ही शब्द आम्हाला फार कामाचे वाटले. दुकानातला टीव्ही फक्त विरोध विकत होता. काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे. समतोल मध्यल्या छटांत असतो, आणि माणसाचा चेहरा बहुतांशी मध्यल्या छटांचाच बनलेला असतो.

तिसरी परीक्षा त्वचेची. छायाचित्रणाच्या रंगीत फिल्मचा रंगमेळ ठरवण्यासाठी पाश्चात्त्य प्रयोगशाळांत दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रमाण म्हणून वापरत. 'शर्ली कार्ड' या नावाने ते प्रसिद्ध आहे. यंत्रालाही एक सवय लावलेली असते, आणि ती कोणाच्या तरी चेहऱ्यावर लावलेली असते. स्वयंचलित व्यवस्थेवर ठेवला की प्रत्येक कॅमेरा आमच्या विद्यार्थ्याला उजळ करू पाहत होता आणि त्या भरात मागचा कंदील जाळून टाकत होता. म्हणून जो कॅमेरा झरोका, वाढ आणि रंगमेळ हे तिन्ही आमच्या हाती देईल, तोच घ्यायचा असे ठरले.

चौथी परीक्षा पिसांची. पिसे जोरात हलवायची, आणि चित्र कुठे फुटते ते पाहायचे. फुटत सर्वांचेच होते. प्रश्न होता, किती लवकर आणि किती कुरूप. पाचवी परीक्षा कागदावरच्या अक्षरांची. त्यावरून कॅमेरा झपाट्याने फिरवायचा आणि उभ्या रेघा तिरक्या होतात का ते पाहायचे. काही सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतात, त्यामुळे भराभर नाचणारे पाय वाकडे दिसू शकतात. आम्हाला बाबांचा प्रश्न आठवत होता, हे कोणत्या ठेक्यावर आहे?

प्रत्येक तुकडा दुकानाच्या टीव्हीवर न पाहता सोबत नेलेल्या प्रोजेक्टरने भिंतीवर पाहिला. निकाल देण्याचे काम विद्यार्थ्याकडे सोपवले. त्याने स्वतःचा हात पाहिला, एका चित्रापाशी थांबला आणि म्हणाला, "हा माझा हात आहे." तो वापरलेला, जड, फितीचा, 'अर्धवट' एचडी कॅमेरा होता. आम्ही तोच घेतला.

त्या वर्षीच्या दिवाळीत बाबांच्या जागी त्यांचा मुलगा ढोलाशेजारी बसला. आमच्या चित्रात तो दिसतो. दाणे आहेत, कडा मऊ आहेत, मुकुटांची पिसे जोराच्या ठेक्यावर विरघळतात. पण राखेखालची त्वचा आहे, शेकोटीकडच्या गालावरची लाली आहे, पलीकडच्या गालावरचा अंधारही आहे. पाय कोणत्या ठेक्यावर पडतात ते सांगता येते. चादरीवर ते चित्र पाहताना बाबांच्या पत्नीने मुलाकडे बोट दाखवून म्हटले, "हाये." एवढेच. आजवर आमच्या कोणत्याही कामाला मिळालेला हा सर्वांत नेमका अभिप्राय आहे.

यानंतर काळ पुष्कळ पुढे गेला. त्या कॅमेऱ्याच्या फिती बाजारातून नाहीशा होत गेल्या आणि फिती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ झाली. आमच्या फिती आम्ही वेळेवर संगणकावर उतरवल्या म्हणून वाचल्या. २०२१ साली मारलवाईच्या कनक राजूंना घुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली आणि या नाचाची छायाचित्रे सर्वत्र झळकली. आता डोंगरावरच्या प्रत्येक तरुणाच्या खिशात असा फोन आहे की त्याच्या बिंदूंपुढे आमचे १९२० आणि १४४० हास्यास्पद वाटावेत. दंडारीभोवती पूर्वी माणसांचे कडे असे, आता फोनांचे असते.

म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही, तो उलटा झाला आहे. २००८चा आमचा कॅमेरा जे दिसत नव्हते ते दाण्यांनी भरत होता. आपल्याला दिसत नाही, ही त्याची एका अर्थी कबुलीच होती. आजचा फोन कबुली देत नाही. तो एकामागोमाग अनेक चित्रे घेतो, त्यांची सरासरी काढतो, दाणे पुसतो, कडा रेखतो आणि अंधारात चेहरा कसा असावा याचा अंदाज बांधून तो चेहरा आपल्यापुढे ठेवतो. चित्र निर्दोष दिसते. त्यात माणसाचे किती आणि अंदाजाचे किती, हे नुसत्या चित्रावरून ओळखणे अवघड. चित्राचा दर्जा पारखण्याचे काम पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे, आणि आकडे पूर्वीपेक्षा मोठे झाले आहेत.

परवा आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही नेहमीप्रमाणे मॉडेल सुचवले नाही. त्याला सांगितले, दोन-तीन मित्रांचे फोन आणि कॅमेरे माग, गावी जा, रात्री चुलीपुढे आजीला बसव, तिच्या मागे काळी घोंगडी टांग आणि दिवा न लावता तिला बोलते कर. मग ते मोठ्या पडद्यावर तिलाच दाखव. घोंगडी नसेल तर आमची घेऊन जा.

आठवड्याने तो घोंगडी परत द्यायला आला. सर्वांत महागड्या फोनचे चित्र पाहून आजी काय म्हणाली ते त्याने सांगितले. "मी एवढी गोरी कवा झाली गा?"

तो फोन त्याने बाद केला आहे. दुसऱ्या दोहोंतून कोणता घ्यावा, ते अजून ठरायचे आहे. आजीला पुढच्या खेपेला उन्हातही बसवून पाहतो म्हणाला.